चुन्याचे बारा ठोकळे

कुरुंदा,
४ मार्च १९४१

ती. दादास द्वारकाचा नमस्कार.

घरी सारे ठीक. मावशीचं बाळंतपण आटोपून आई परत आली. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्र एक आणि मुलं चाळीस, हे वाचून बाबा हसले. मला हसू आलं नाही.

मागल्या आठवड्यात चाँद पाशा ओट्यावर येऊन बसले. बंधाऱ्याच्या कामाला त्यांच्या भट्टीचा चुना आता घेणार नाहीत. तुमच्या प्रयोगशाळेत तो कच्चा ठरला, असा कागद आला. चाँद पाशा माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमच्या हिरीला माझ्या बापाचाच चुना हाय. ती काहून उभी हाय मग?"

मला उत्तर माहीत होतं आणि मी आत निघून गेले. त्याबद्दल माझा राग आधी माझ्यावर आहे, मग तुझ्यावर.

तू यंत्रात फोडलेस ते बारा ठोकळे मी केले होते. चुना, वाळू मीच मोजली. अठ्ठावीस दिवस रोज दोनदा पाणी घाल, असं सांगून तू गेलास. सहाव्यापासून नवव्या दिवसापर्यंत मी घातलं नाही. ठोकळे उन्हात कोरडे पडले, म्हणून कच्चे राहिले. का, ते वहीत लिहिलं होतं: "बाजूला बसल्यामुळे पाण्याला शिवता आले नाही." आई गावाला. बाबा स्वतः भाकरी थापत होते, पण ठोकळ्यांवर पाणी घाला, एवढं त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

चूक माझी. पण मी ती लिहिली होती, आणि वही ठोकळ्यांबरोबर तुझ्याकडे पाठवली होती. तू ते पान फाडलंस, आणि वर मलाच लिहिलंस की प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे असलं काही ठेवत नसतात. ठोकळे ठेवलेस, आकडे ठेवलेस, कारण तेवढं काढलंस. बाबांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर शिकवलं. पान फाडायला तुला कोणी शिकवलं?

त्याच भट्टीच्या चुन्याचे नवे बारा ठोकळे केले आहेत. कालपासून मी पुन्हा बाजूला आहे. पाणी मीच घालते. आईनं पाहिलं. रात्री ती जेवली नाही.

साहेबांना सारं लिहून ते पत्र आजच टाकलं आहे, कारणासकट. त्यांना मराठी येत नाही, तेव्हा वर्गातल्या कोणाकडून तरी वाचून घेतील. तुमच्या वर्गात मराठी मुलगा तू एकटाच.

नीट मोठ्यानं वाच.

चूक केलेली आणि लिहिलेली,
तुझी बहीण
द्वारका