आशीर्वाद होईपर्यंत

आई, आज तुझ्याशी थोडं भांडायचं आहे, आणि तू तर कधीचीच देवाघरी निघून गेलीस.

रविवारी पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन तू देवळात बायकांच्या बाजूला बसायचीस. चर्चला आपण देऊळच म्हणायचो. आठवडाभर घरात आवळून धरलेले तुझे खांदे तिथं खाली यायचे. बाबा पिऊन फाटकाशी उभे राहायचे, तुझ्या नावानं हाका मारायचे, पण आत यायचे नाहीत. चालू उपासनेतून कुणाला उठवायचं नाही, एवढा धाक त्यांनाही होता. आणि पाळकांनी हात वर करून आशीर्वाद दिल्याशिवाय उपासना संपत नाही. म्हणून म्हातारे पाळकसाहेब एकदा फाटकाकडे बघायचे आणि म्हणायचे, "अजून एक गीत घेऊ." मग अजून एक. माझ्या पोटात कावळे ओरडत असतात. मी कुजबुजते, "आई, झालं ना आता?" तू चिमटा काढतेस. "आशीर्वाद झाला का? नाय ना? मंग गप बैस." बाबा कंटाळून निघून गेले की आशीर्वाद व्हायचा. सगळी मंडळी उपाशीपोटी गात राहायची, आणि याहून मोठी माया जगात नसेल असं मला वाटायचं.

आता त्याच देवळात पेटी मी वाजवते. गेल्या रविवारी पडेगावची एक पोर आली, कडेवर तान्हं, ओठावर ताजी खपली. शेवटचं गीत संपतंय तोच फाटकाशी तिच्या नवऱ्याची मोटारसायकल थांबली. "ए, चल भाईर! लई झालं तुझं देव देव!" मग नुसता हॉर्न. आमचे नवे पाळक तरुण आहेत, त्यांनी घाबरून लगेच आशीर्वादाला हात वर केले. मी पेटीवर पुढच्या गीताचा सूर धरला. ते तसेच हात वर करून माझ्याकडे बघत राहिले. मंडळी चुळबुळली, मग गाऊ लागली. त्यानंतरचं गीत पाळकांनीच सांगितलं. माझी बोटं चुकत होती, आणि हॉर्न काही थांबत नव्हता. हा माणूस कंटाळून जाणारा नव्हता.

तेवढ्यात मंडळीतल्या, नर्स म्हणून रिटायर झालेल्या एक मावशी उठल्या. भर उपासनेत! त्यांनी पोरीचा दंड धरला. "चल गं बाई, मी हाय संगं." पाळकांच्या खोलीतून मागच्या दारानं त्या तिला घेऊन गेल्या. आशीर्वाद झाला तोवर दोघी सिल्लोडच्या रस्त्याला लागल्या होत्या, पोरीच्या भावाकडे.

घरी येऊन मी खूप रडले, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. मागचं दार तुझ्या वेळीही होतं, आई. सगळे तुझ्यासाठी जीव तोडून गायले, आणि दर रविवारी आशीर्वाद देऊन तुला पुन्हा त्याच घरी पाठवत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आलाय. पण तिथला पत्ता ठाऊक असता तरी हे तुला पाठवलं नसतं. आठवड्यातले ते दोन तास तेवढे तुझे होते, आणि ते तुझ्याकडून काढून घ्यायला माझा हात धजत नाही.