पाठमोरी दक्षता

१२ जानेवारी, सोमवार
उत्तरा मॅडम खूश! "अशाच रील अजून कर गं." ठाण्यातल्या त्यांच्या क्लिनिकचं पेज मी चालवते. तरुण मुलींनी रोज व्यायाम करावा, एवढाच त्याचा हेतू. वर्षभर माझ्या उठाबशांना कुत्रं विचारत नव्हतं. आणि दक्षताची ही रील हजारोंनी बघितली. माझी धाकटी बहीण, खाडीकडच्या रस्त्यावर धापा टाकत चालतेय – पाठमोरी. चेहरा दिसत नाही, म्हणून तिला विचारलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार
खडवलीच्या एका मुलीची कमेंट – "हिला बघून मी आजपासून चालायला लागले." आंबिवलीच्या दोघी मैत्रिणींचीही. बाकी काही नालायकांनी तिच्या शरीरावरून जे लिहिलंय ते इथे उतरवणार नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
दक्षता चालायला गेली नाही. म्हणे डोकं दुखतंय.

१९ जानेवारी, सोमवार
डोकंबिकं काही नाही! शेजारच्या केतनने तिला बुधवारीच रील दाखवली, खालच्या घाणीसकट. "मला विचारायचंस ना, ताई." एवढंच म्हणाली. सकाळपासून अबोला. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलंय आणि मी तिचं चालणंच बंद पाडलं. शाब्बास, हेमांगी!

२२ जानेवारी, गुरुवार
काढून टाकू का? पण रोज कुणीतरी नवी लिहिते. एक तर आईलाही सोबत घेऊन जाते. त्या मुली थांबल्या तर? आणि घरातली थांबलीये तिचं काय? मॅडमना विचारलं. "वेडी आहेस का? चेहरा कुठे दिसतोय?" मीही स्वतःला हेच सांगत होते. वीट आलाय या फोनचा. काही न करता अंग मोडून आलंय.

२४ जानेवारी, शनिवार
काढली! सोमवारी मॅडम फाडून खातील. खाऊ देत. किती दिवसांनी जरा बरं वाटतंय.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी दक्षता बूट घालून दारात, हातात फोन. "रील कुठे गेली? त्या खडवलीच्या पोरीशी मी नाव बदलून रोज कमेंटमध्ये बोलायचे. तिकडून ती, इथून मी, आज एकाच वेळी चालायला निघायचं ठरलेलं आमचं."
तुझ्यासाठीच काढली गं, म्हटलं.
"टाकताना विचारलं नाहीस. काढताना तरी विचारायचंस!"
आणि उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडायला लागली.