दादा, मी ऐकत होते

समुद्रपूर
१० मे १९९७

गजूदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. हिंगणीत सगळे बरे असतील. मी आता भिंत न धरता घरात फिरते. जबडा मोकळा झाला, काल भाकर खाल्ली. वावरात पायात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट काय घुसलं, धनुर्वातानं पार वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

यंदा बोरच्या जंगलात टेंभरं पिकली का? लहानपणी तू झाडावर, मी खाली फ्रॉक पसरून उभी. आईनं विचारलं की तू सगळं आपल्यावर घ्यायचास. पडल्या पडल्या हेच आठवतं.

एक गोष्ट लिहू की नको, असं करत पत्रं फाडली. आता लिहूनच टाकते.

झटके थांबेनात म्हणून डॉक्टरांनी अंग ढिलं पाडायचं औषध दिलं होतं. श्वासाला मशीन. सोबत झोपेचं औषध लागतंच, नाहीतर माणूस आतून जागा आणि बाहेरून मढं. त्या दुपारी माझं झोपेचं औषध कमी पडलं. जाग आली, पण पापणी हलेना. वाटलं, मी मेले, आता जाळतील.

तेवढ्यात तुझा आवाज आला. माझ्या लग्नापासून न ऐकलेला. मी बेशुद्ध आहे असं समजून तू आईचं बोललास, टेंभरांचं बोललास. मग हळूच म्हणालास, "पमे, मी तुह्या लग्नाले आलतो. आपल्या मर्जीनं लगन केलं, याचा राग होता मले. तुले पाहून तो गेला, पण पाय आत पडले नाई. मांडवाच्या बाहेरूनच वापस गेलो."

मी रडले. तेवढंच जमत होतं.

नर्स मंदाबाई म्हणाल्या, डोळ्यातल्या मलमाचं पाणी असेल. तू ऐकलं नाहीस. "हिले समजून राह्यलं. डॉक्टरले बलवा."

डॉक्टरांनी पाहिलं तर नाडी, बीपी दोन्ही चढलेले. झोपेचं औषध वाढवून ते माझ्या कानाशी वाकले. "प्रमिलाबाई, तुम्ही जिवंत आहात. औषधामुळे अंग हलत नाही. आता झोप लागेल." किती बरं वाटलं, काय सांगू.

पुढे त्यांनी स्वतःच विचारलं, काही आठवतं का. सगळं सांगितलं. तुझं बोलणं तेवढं माझ्याजवळ ठेवलं. मंदाबाई सांगत होत्या, आता अंग ढिलं पाडायचं औषध देण्याआधी पेशंट नीट झोपलाय ना हे पाहतात, मधूनमधून पुन्हा पाहतात, आणि हात लावण्याआधी नाव घेऊन बोलतात.

मी शुद्धीवर आल्यावर तू आला नाहीस. मला त्यातलं काही आठवत नसेल, या भरवशावर असशील. दादा, शब्दन् शब्द ऐकलाय, आणि आठवतोय. रागवायला कारण शोधलं, सापडलं नाही.

यांना सांगितलं, तर म्हणाले, जेवायलाच बोलाव त्यांना. वहिनीला घेऊन ये. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता येतं.

तुझीच,
पमी