रुमाल सोबत जोडला आहे

तीर्थरूप आत्येस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात वाकता येत नाही, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) फोनवर तू 'बरी आहे गं' म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र. ताप गेला, खोकला गेला, पण नाक काही परत आलं नाही, असं तुझा लेक, आपला दादा, सांगत होता. शेजारी दूध करपलं तरी आईला पत्ता नसतो म्हणाला. आणि म्हणून येत्या सोमवारी तू गॅरेजची किल्ली त्या फर्निचरवाल्याला देणार, हेही त्यानेच सांगितलं. 'ज्याला वास कळत नाही तो मिस्त्री कसला,' असं तू म्हणालीस म्हणे. तीस वर्षं तू आधी तेलाचं फडकं हुंगलंस आणि मग हत्यार उचललंस, हे मी पाहिलेलं आहे, तेव्हा मी काय वाद घालणार? मी फक्त गाडीबद्दल लिहिते आहे. दादाकडे राहायला जाताना तू माझ्याकडे ठेवलेली तुझी टर्बोची गाडी निळा धूर सोडते आहे आणि माझं डोकं पार बधिर झालं आहे.

सुरुवात झाली ती गाडीत येणाऱ्या वासाने. रिकामी कढई गॅसवर विसरल्यासारखा वास. बोनेट उघडलं, तर इंजिनाच्या डोक्यावरून निघणारा बोटभर जाडीचा पाइप चिरलेला आणि त्यातून वाफ येत होती. हा पाइप तू मला शिकवला होतास. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली उतरतो, तेलाची वाफ घेऊन वर येतो, आणि त्याला बाहेर न सोडता पुन्हा इंजिनाला जाळायला देतात, इथपर्यंत मला पाठ आहे. पुढे त्याला दोन वाटा फुटतात. इंजिन निवांत असताना तो एका वाटेने ओढला जातो आणि टर्बो हवा दाबायला लागला की ती वाट बंद होऊन तो दुसरीकडून टर्बोच्या अलीकडे जातो. इथे मला नेहमी झोप यायची. (तेव्हाही तू गरम पान्याने माझ्या कोपराला चटका दिलास, तरी कळलं नव्हतं ते नव्हतंच.)

तर मी नवा पाइप आणला आणि तुझ्या शिस्तीने बसवला. आमचे हे टॉर्च धरून उभे होते. म्हणजे टॉर्च माझ्या डोळ्यांवर आणि नजर रेडिओवरच्या मॅचकडे. "झालं का?" असं त्यांनी अकरा वेळा विचारलं. (वाफ हाताला फार चटके देत होती, म्हणून इंजिनाकडच्या तोंडाला औषधाच्या बाटलीचं रबरी बूच घट्ट दाबून, वरूनच पाइप चढवला, दिसायलाही अगदी नीट दिसतं.) वास गेला. मी ह्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मॅच हरल्याचं दुःखही त्यांनी मनातच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या चढावर बोनेटखाली फाटकन आवाज झाला. तेल मोजायची पट्टी आपणहून उडून बाहेर आली होती आणि सगळीकडे तेल. मागे निळा धूर एवढा की एक स्कूटरवाला खोकत शेजारी आला आणि म्हणाला, "बाई, आत काय तळताय?" हे म्हणाले, तेल जास्त झालंय. थोडं काढलं. पट्टी पुन्हा उडाली. हे म्हणाले, तेल कमी झालंय. थोडं ओतलं. मग त्यांनी पट्टी माझ्या केसांच्या रबराने बांधून टाकली, तर दुसऱ्या दिवशी तेल खालच्या सीलमधून ठिबकायला लागलं. एखादं माणूस घरात रागावलेलं असावं आणि ते कशावर रागावलंय ते कुणालाच कळू नये, तसं झालं. इकडे शांत करावं तर तिकडून आवाज.

शेवटी चौकातल्या काचेच्या भिंतींच्या वर्कशॉपात गेले. तिथे मिस्त्रीसुद्धा पांढरा कोट घालतो आणि गाडीला हात न लावता कॉम्प्युटरला विचारतो. त्याने सांगितलं, टर्बो गेला, नवा घाला. मी रडवेली झाले. (तुझा टर्बो माझ्या हातून जावा!) तेव्हा त्याने कीव येऊन त्या पाइपाच्या मध्ये एक डबा बसवून दिला. वाफेतलं तेल म्हणे त्यात साठतं आणि नुसता वायू पुढे जातो. आठवड्याने उघडायचा. मी रोज उघडला, म्हणून कंबर. डबा ठणठणीत कोरडा. कोटवाला खूश. "बघा मॅडम, एक थेंब नाही! इंजिन किती स्वच्छ आहे!" मागे धूर तसाच.

आता मला काही म्हणता काही समजत नाही. ठिबकणारं तेल पुसून रुमाल सोबत जोडला आहे. तुला वास येत नाही हे लक्षात आहे, पण सूनबाईला हुंगायला लाव आणि काय बिघडलंय ते कळव. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, पत्र शनिवारी नक्की मिळेल. गोळ्या वेळेवर घे.

तुझी भाची
(पान्याचा नंबर विचारलास की जिला रडू यायचं ती)

ता. क. पाकीट उलटं करून झटकलं असशील. रुमाल नाही. विसरले नाही, घातलाच नाही.

ता. क. २. धूर परवाच थांबला. कोरडा डबा मला झोपू देईना. 'काही येत नसेल तर खूश होऊ नकोस, कुठे अडलंय ते बघ,' असं तू गिऱ्हाइकांना सांगायचीस ते आठवलं आणि मी चालू इंजिनावर पाइप ओढला. बूच सुटलं ते थेट ह्यांच्या चहात, आणि मागोमाग आत कोंडलेली सगळी वाफ. पट्टी आता जागेवर आहे, सील बदललं, टर्बोला काहीही झालेलं नव्हतं, आणि डब्यात दोन चमचे तेल साठलं आहे. मी ते कोटवाल्याला नेऊन दाखवलं. तो कॉम्प्युटरकडे बघत राहिला. (दोन वाटांचं मात्र अजूनही कळलेलं नाही. ते तुलाच येऊन सांगावं लागेल.)

ता. क. ३. गिऱ्हाईक खरी गोष्ट आत बसून सांगत नाही, निघताना दारात सांगतं, असं तू म्हणायचीस. तर मी दारात उभी आहे. सोमवारी किल्ली देऊ नकोस. हुंगायला माझं नाक आहे, ते ठीक चालतं. त्याच्यामागे डोकं नाही एवढंच. आणि खरं सांग, मधल्या पानावर, कंसातल्या त्या ओळीला, रुमाल शोधायच्याही आधी, तू "अगं कार्टे, बूच!" म्हणून ओरडलीस ना? दादा स्वयंपाकघरातून धावत आला का, तेवढं कळव.