चाकांवरच्या घराचे टेकू

प्रिय आई,

तुम्हा दोघांना नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. बाबांचा गुडघा कसा आहे?

हवापालटासाठी गाडीमागे ओढत आणलेलं चाकांचं घर तळ्याकाठी उभं केलंय. आजारपणापासून ह्यांना सगळं कललेलं वाटतं, म्हणून टेकू पारखून घेतले. आधी लावलेले लाकडी ठोकळे ओल्या मातीत रुतले. दुकानदार म्हणाला, "ताई, रुंद तळाचे लोखंडी घ्या." ते चारी कोपऱ्यांना लावले. सपाटी तपासायच्या पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध आला, ह्यांनाही दाखवला.

तरी हे पलंग घट्ट धरून ओरडतात, "अगं, घर पडतंय, धर!"

मग काय करणार? ह्यांचा डोळा लागेपर्यंत मी दोन्ही हातांनी भिंत धरून उभी राहते.

काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी