रावेतला वाफ येत नाही

रावेत
४ फेब्रुवारी २०२५

ती. विजयश्रीताईंना,
नेहाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल फोनवर आपलं जे झालं ते आईंनी ऐकलं. आज सकाळी त्यांनी माझ्यापुढे वही आणि पेन आणून ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की नणंद-भावजयींनी फोनवर बोलू नये, शब्दाला शब्द वाढतो. त्यापेक्षा लिहावं, लिहिताना हात दुखतो म्हणून माणूस आवरतं घेतं. तुम्हालाही त्यांनी हेच बजावलंय असं कळलं. म्हणून हे पत्र, तुमच्याच मशीनच्या खोक्यात, मशीनसकट घालून, तुमच्या कंपनीच्या बसवरच्या भैरूदादांच्या हाती देते आहे.

बाळाला आज तेरा दिवस झाले आणि त्यातले नऊ दिवस माझं नाक बंद आहे. अंगावर पाजते म्हणून डॉक्टर गोळ्या द्यायला राजी नाहीत, वाफ घ्या म्हणाले. माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणावर, त्यामुळे बाळंतपण इथेच. अशात तुम्ही लगेच वाफेचं मशीन धाडलंत, त्याबद्दल मनापासून आभार. हे फोनवर सांगायचं राहिलं, कारण तोवर तुम्ही चिडला होतात.

पण ताई, ते चालत नाही. लाल दिवा लागतो, पाणी कोमट होतं आणि तिथेच थांबतं. मी टॉवेल पांघरून वीस मिनिटं बसले. तोंडाला घाम आला, तोही टॉवेलमुळे.

एवढंच मी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात की दिलेल्या वस्तूत खोड काढायची मला सवयच आहे. मी म्हणाले की बिघडलेल्याला बिघडलेलं म्हणायची चोरी आहे का. मग तुम्ही म्हणालात की बारशाला दुसरी आत्या शोधा. ते मात्र मला फार लागलं. माझ्या सर्दीमुळे बारावा दिवस हुकला, आता सोळा तारीख धरली आहे. मुलीच्या कानात नाव आत्या सांगते, आणि तिला सख्खी आत्या एकच आहे.

कळावे. राग थोडा उतरवून लोभ तेवढा ठेवावा,
आपली,
नेहा


नाणेकरवाडी, चाकण
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नेहास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर सुंदर आहे, मजकुराबद्दल तसं म्हणता येत नाही.

मी कंपनीत तपासणीला बसते हे तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाकडून माल परत आला की आम्ही आधी बघतो, बिघाड मालात आहे की गिऱ्हाइकात. तर तुझं खोकं सोडलं, मशीन ओट्यावर ठेवलं, पाणी भरलं, बटण दाबलं. तीन मिनिटांत अशी वाफ आली की खिडकीची काच पांढरी झाली. निरंजन नुकतेच शिफ्टवरून आले होते, त्यांनी डोकं खाली घातलं आणि चोंदलेलं नाक मोकळं करून उठले. म्हणाले की ठेवूनच घेऊ या. मी म्हटलं, नाही, रावेतच्या महाराणींना पाठवायचं आहे.

मशीनवर ओके अशी चिठ्ठी चिकटवून परत धाडते. बटण नीट दाबावं. बाळाला त्याच्या जवळ आणू नये.

बाळाला गोड पापा, तुझ्यावर लोभ आहे तेवढा आहेच,
विजयश्री


रावेत
८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंना नमस्कार, वि. वि.

ओकेची चिठ्ठी वाचली. मशीनने वाचली नसावी.

बटण मी दाबलं, आईंनी दाबलं, तुमच्या भावाने, शेखरने तर चार वेळा दाबलं. त्याने प्लग बदलला, खोली बदलली, शेवटी आपल्या घरातून पाण्याने भरलेलं मशीन घेऊन शेजारच्या फ्लॅटमध्ये लावून आला. तिथेही कोमट पाणी. एवढं शिकलेला माणूस कोमट पाण्याचं भांडं छातीशी धरून लिफ्टपाशी उभा होता, ते बघून आईंना हसू आवरेना. मला हसू आलं नाही.

ताई, मी मास्क लावून पाजते. घरात येणारा प्रत्येक जण बाळाच्या टाळूचा वास घेतो आणि डोळे मिटतो. कामाला येणाऱ्या मावशींनीही घेतला. मला तो वास कसा आहे हे अजून माहीत नाही, आणि मी तिची आई आहे. तुमच्या वस्तूला नावं ठेवायला मला वेळही नाही आणि त्राणही नाही.

मशीन परत पाठवते. भैरूदादांनी विचारलं की ताई, आता या खोक्याचा महिन्याचा पास काढू का.

कळावे. विश्वास बसला नाही तरी लोभ असू द्यावा,
नेहा


नाणेकरवाडी, चाकण
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. नेहास आशीर्वाद.

वाफ तीन मिनिटांत आली. काल पुन्हा आली. आज सकाळी कामावर जायच्या आधी पुन्हा लावलं, पुन्हा आली. आता सांग मी काय समजू.

मग मी माझ्या मनातलं लिहितेच, आईने लिहायलाच सांगितलं आहे. मी दिलेलं काही रावेतला चालत नाही. आईच्या जुन्या साड्यांची गोधडी मी दोन महिने बसून शिवली, ती तुमच्या माळ्यावर गेली हे मी गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांनी बघितलं. शेवया दिल्या, तर शेखर म्हणाला की आमच्याकडे कुणी खात नाही. आता हे मशीन. चाकणहून आलं की ते हलकंच, असं तुम्हा दोघांच्या मनात बसलं असेल तर स्पष्ट सांगावं. मी लहान कंपनीत उभ्याने काम करते, पण मला कळतं.

सोळाला मी येणार नाही.

मशीन मात्र तिसऱ्यांदा पाठवते, कारण नाक तुझं बंद आहे आणि त्याची शिक्षा माझ्या भाचीला नको. या वेळी तू ते कसं वापरतेस ते पायरी पायरीने लिहून काढ. तक्रार आली की आमच्याकडे हेच मागतात. कुणी खोटं बोलत असेल तर ते पायऱ्यांत सापडतं.

तब्येतीला जपावे,
विजयश्री


रावेत
१२ फेब्रुवारी २०२५

ती. विजयश्रीताईंना नमस्कार.

पायऱ्या मागितल्यात, घ्या.

मी साबणाने हात धुते. मशीन टेबलावर सपाट ठेवते. रेघेपर्यंत फिल्टरचं पाणी भरते. बाळ आल्यापासून आंघोळ आणि भांडी सोडली तर घरात फिल्टरशिवाय थेंब वापरायचा नाही असा शेखरचा हुकूम आहे, आणि तो मीही पाळते. वरच्या वाटीत निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकते. वाटीत, पाण्यात नाही. झाकण बसवते, प्लग लावते, बटण दाबते, दिवा लागतो. मग मी बसते. बसते. आणि बसते. हे तीनदा लिहिलं, कारण सगळ्यात मोठी पायरी तीच आहे. तुम्हाला यात खोटं सापडलं तर मलाही कळवा.

आता गोधडी. ती माळ्यावर होती हे खरं आहे. उन्हाळा होता म्हणून ठेवली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी स्वतः पोट सांभाळत स्टुलाशी उभी राहून शेखरकडून ती काढून घेतली, आणि बाळ घरी आलं ते तिच्यात गुंडाळून. आत्ताही ते तिच्यावरच निजलं आहे. तुम्ही घरी आलाच नाहीत, तर दिसणार कशी? शेवयांबद्दल शेखर जे बोलला ते चुकीचं होतं. मी त्याला तेव्हाच सुनावलं होतं, पण तुमच्यासमोर नाही. ती माझी चूक.

मशीन या वेळी परत पाठवत नाही, कंटाळा आला. नुसतं पाकीट देते. आई म्हणतात की सांगवीच्या सायलीताईंना विचारू, चुलत आत्याही चालते. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण किती दिवस नाही म्हणू, ते तुम्हीच सांगा.

लोभ आहे की नाही हे एकदा कळवावे,
नेहा


नाणेकरवाडी, चाकण
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय नेहा,

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे.

तुझ्या पायऱ्या मी निरंजनना वाचून दाखवल्या, तुझी चूक सापडावी म्हणून. फिल्टरच्या पाण्याशी ते थांबले आणि परत वाच म्हणाले. ते कंपनीत मेंटेनन्सला, त्यांना लगेच उमगलं. या मशीनच्या आत तापणारी तार नसते. दोन पट्ट्या असतात आणि वीज त्या पाण्यातूनच एका पट्टीवरून दुसरीकडे जाते, तेव्हा पाणी उकळतं. पाण्यात क्षार असतील तरच ती जाते. आमचं बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरे थर धरतं, ते झक्क उकळतं. तुमच्या फिल्टरने सगळे क्षार काढून टाकले, मग उकळणार काय. तू खोटं बोलत नव्हतीस. शेखरही नाही.

इथवर लिहून थांबता आलं असतं, पण पुढचं जास्त वाईट आहे. मशीन आणलं त्या दिवशी ते मीच लावून बघितलं होतं, आणि आतलं माहितीपत्रक गॅरंटीच्या कार्डासकट माझ्या फायलीत ठेवलं होतं, कारण शेखर कागद नीट ठेवत नाही. काल ते काढून वाचलं. चौथी ओळ अशी आहे की पाणी फार शुद्ध असेल तर चिमूटभर मीठ घालावे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मी पगार घेते आणि तो कागद दोन आठवडे माझ्याच कपाटात होता. तुझं नाक मी बंद ठेवलं, नेहा.

दुकानातून मशीन बदलून आणलं असं सांगून मोकळं व्हावं, असंही एकदा मनात आलं. निरंजन म्हणाले की मग बारशाला कुठल्या तोंडाने जाशील. गोधडीचं वाचून तर मी ओट्यापाशीच खाली बसले.

आता मीठ चिमूटभरच घाल, जास्त नको, नाहीतर उकळतं पाणी बाहेर उडेल. आणि घालताना प्लग काढलेला असू दे. सायलीला सांगून झालं असेल तर मी मागे बसेन. बोलावलंस तर येईन.

क्षमा असावी, लोभ मागायचं आज धाडस नाही,
विजयश्री


रावेत
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंना नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी आलं आणि पहिल्यांदा मी खूप चिडले. चिमूटभर मिठासाठी दोन आठवडे! आईंना वाचून दाखवलं, त्यांनी कपाळाला हात लावला आणि मिठाचा डबा आणून दिला. शेखर म्हणाला की आता आपण बाळाला वाचवायला पाणी शुद्ध करायचं आणि बाळाच्या आईला वाचवायला परत खारट करायचं.

चार मिनिटांत वाफ आली. मी टॉवेलखाली डोकं घातलं आणि आत बसून रडले, कारण नाक मोकळं होईपर्यंत बाहेर निघायची माझी तयारी नव्हती. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ घेतली. आज डॉक्टरांनी मास्क काढायला सांगितलं. मग मी बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं. कसा आहे तो वास, ते मला लिहिता येत नाही. तुम्ही येऊन घ्या.

कालचं बारसं मीच पुढे ढकललं. वाहत्या नाकाने मी पाळण्याशी उभी राहणार नव्हते. आता तेवीस तारीख, रविवार. सायलीताईंना पाहुणी म्हणून बोलावलं आहे, आत्या म्हणून नाही. तुम्हाला माफ केलं असं मात्र लिहीत नाही, थोडा राग शिल्लक आहे. तो समोरासमोर काढू.

यावे. लोभ हातात घेऊनच यावे,
नेहा


नाणेकरवाडी, चाकण
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय नेहा,

हसावं की रडावं कळत नाही. निरंजनांची सर्दी अखेर मला लागली. कालपासून शिंकते आहे, अंगात कणकण आहे, आवाज बसला आहे. दवाखान्यात गेले तर डॉक्टर म्हणाले की तान्ह्या बाळाच्या आठ-दहा दिवस जवळ जायचं नाही. कानात नाव सांगायचं तर सोडाच.

मी पुन्हा रुसले असं तुला वाटेल. शेखरला वाटेल, आईला तर वाटणारच. जेव्हा येता येत होतं तेव्हा येणार नाही म्हणाले, आणि आता जीव तुटतो आहे तर येता येत नाही, आणि हे कुणाला खरं वाटणार नाही. मी तरी कशाच्या जोरावर सांगू? तुझी खरी गोष्ट मी दोन वेळा परत पाठवली.

तेवीस तारीख मोडू नका, लोक बोलावून झाले असतील. सायलीला पाळण्याशी उभी कर. तिचा आवाजही गोड आहे. मी पुढच्या महिन्यात येऊन बघीन.

बाळाला माझ्याकडून लांबूनच आशीर्वाद,
विजयश्री


रावेत
२१ फेब्रुवारी २०२५

ती. विजयश्रीताईंना,
नेहाचा नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि मला ते खरं वाटलं. शेखर म्हणाला की फोन लावून आवाज ऐकू या, बसलाय का बघू. मी त्याला फोन ठेवायला लावला. तुम्ही लिहिलंत, तेवढं पुरे.

आई पुन्हा सायलीताईंचं नाव काढत होत्या. मी त्यांना सांगितलं की आत्या आजारी पडली म्हणून दुसरी आणायची ही पद्धत मला मान्य नाही. त्या म्हणाल्या की महिन्याचं मूल बिननावाचं ठेवतात का कुठे. मी म्हटलं, ठेवतात, आम्ही ठेवतोय. पेढेवाला तिसऱ्यांदा तारीख बदलली म्हणून शेखरचा फोन उचलत नाही. बाकीच्यांना मी आज दुपारी बसून एकेक करून कळवलं. घसा दुखला, पण कळवलं.

खोक्यात मशीन आहे. पुसून, वाळवून दिलं आहे. तुमच्याच बोअरचं पाणी भरा, दिवसातून दोनदा घ्या, आणि नाक उघडलं की त्या रविवारी निघा. मार्चची नऊ तारीख असो की सोळा, आम्ही घरीच आहोत.

शेखरच्या मनात एक नाव होतं, माझ्या मनात दुसरं होतं. कालपासून आम्ही दोघांनी तो विषय बंद केला आहे. तुम्ही ठरवा. मला आधी कळवू नका. तुम्ही तिच्या कानात सांगाल तेव्हा मी शेजारी उभी असेन, तेव्हाच मलाही कळेल.

लवकर बऱ्या व्हा. आमचा लोभ इथे तुमची वाट बघत थांबला आहे,
तुमची,
नेहा