उतार कुणाच्या डावीकडे

२ मार्च, रविवार

आणि पुन्हा तेच! बाथरूममध्ये पाणी का साचतं म्हणे. आज आला होता तो शिंपी. भाड्याने खोली बघायला आला होता की संशोधन करायला? आईने सांगितलं, त्याने मगभर पाणी फरशीवर ओतलं, हाताची घडी घातली आणि बघत उभा राहिला. पाणी डावीकडच्या पाइपाकडे पाठ फिरवून उजव्या कोपऱ्यात जाऊन बसलं. शिंपी निघाला. चहासुद्धा घेतला नाही.

यात माझी काय चूक? वरची खोली मी बांधली. पैसा माझा, डोकं माझं. इतक्या लांबून, व्हिडिओ कॉलवर, पहिल्या विटेपासून शेवटच्या फरशीपर्यंत. आई फोन धरून दारात उभी, मिस्त्री समोर तिच्याकडे तोंड करून बसलेला. मी स्पष्ट म्हटलं, उतार डावीकडे दे. तर तो शहाणा विचारतो, कुणाच्या डावीकडे? मी म्हटलं, डावी म्हणजे डावी, डाव्या काय दोन असतात? थापी उचलून कामाला लागला. वर्ष झालं. अजून म्हणतो, मी विचारलं होतं. विचारून काय उपयोग, ऐकायला नको?

असो. प्लॅन पक्का आहे. खोली भाड्याने गेली की मी गोदामातली ही फोर्कलिफ्ट सोडून घरी. करार ३१ला संपतो. नवा, दोन वर्षांचा, सुपरवायझरने पुढे केलाय. म्हणतो, २८च्या आत सही कर. माझं खेटर करेल सही.

४ मार्च, मंगळवार. दुपार, जेवणाची सुट्टी

आई म्हणते, कुणालाही दे बाबा, पण दे. वर माणसाची चाहूल नाही, घर खायला उठतं. कुणालाही! अशाच लोकांना जग फसवतं. मी सातवीत शाळा सोडली, पण माणूस वाचता येतो.

फॉर्म बनवला. भाडेकरू पारख फॉर्म. प्रश्न २३. नमुन्यादाखल: प्र. ८, पाहुणे किती आणि का. प्र. १४, भिंतीला खिळा ठोकण्याबद्दल आपलं मत. प्र. १९, रागावल्यावर दार आपटता का. प्र. २१, अंघोळीला किती बादल्या (खरं सांगा). पास व्हायला २३ पैकी २३. सवलत नाही. एकदा सवलत दिली की लोक डोक्यावर बसतात.

रूममेट वेल्डरला वाचून दाखवला. तो म्हणाला, तू खोली देतोयस की मुलगी? जळतो. त्याची कुठे खोली आहे?

६ मार्च, गुरुवार

आज नर्स. आईच्या दवाखान्यातली ओळख. फोनवर चालता चालता उत्तरं देत होती, मागे गाड्यांचे हॉर्न. मालकाशी बोलताना माणसाने उभं तरी राहावं.

प्र. ९, कामाची वेळ. म्हणाली, शिफ्ट, दर आठवड्याला बदलते. लगेच फुली. ज्याच्या येण्याजाण्याचा भरवसा नाही त्याच्या भाड्याचा काय भरवसा? प्र. १९ला उलट मलाच विचारते, दार नीट लागतं का आधी ते सांगा, मग आपटायचं बघू. प्र. २१ला म्हणाली, एक बादली, पण पाणी जाईल तर दुसरी घेईन.

नापास. २३ पैकी ११.

आईला फोन करून कारणं नीट समजावली. वीस मिनिटं. शेवटी ती एवढंच म्हणाली, बरं. पटलं तिला.

९ मार्च, रविवार

दोन उमेदवार.

मास्तर. स्वभाव गरीब, पण पुस्तकं तीन पेट्या. स्लॅबवर वजन किती पडेल? नापास.

निवृत्त कारकून. सगळी उत्तरं बरोबर, पण फार पटापट. इतका सरळ माणूस मी अजून पाहिला नाही. म्हणजे काहीतरी असणार. नापास.

संध्याकाळी वेल्डर म्हणाला, तुझ्या खोलीत आता देवच राहायला येईल. मी म्हटलं, त्यालाही फॉर्म भरावा लागेल.

१३ मार्च, गुरुवार

आईशी व्हिडिओ. अंगणातून तिने वरची खिडकी दाखवली. खिडकीला पिवळा पडदा! मला न विचारता! आई म्हणाली, ऊन फार येतं. रागावणार होतो, पण दिसतो झकास. आईला आतून वाटतंय की माल चांगला दिसला पाहिजे. माझ्यावर गेली आहे.

पडद्यामुळे भाडं वाढवलं.

आई म्हणाली, हल्ली झोप छान लागते. लागणारच. मुलाने सगळं हातात घेतलंय.

१६ मार्च, रविवार

आज आईने आपणहून सांगितलं, बीपी एकशे तीस, खाली ऐंशी. तिला आकडे कधीपासून कळायला लागले? मोबाइलवर काहीतरी बघत असेल. आधी मला विचारायची, फोन बंद कसा करू.

बोलता बोलता वरून धाडकन आवाज आला. बादली पडल्यासारखा. मी विचारलं, काय पडलं? म्हणाली, मांजर. आपल्याकडे मांजर नाही म्हटलं तर म्हणाली, शेजारचं. शेजाऱ्यांना चांगलं झापायला सांगितलं. माझ्या खोलीत फुकट कोणी राहिलेलं मला चालणार नाही, मांजरसुद्धा.

१९ मार्च, बुधवार

वेल्डरशी कडाक्याचं भांडण. त्याने माझाच फॉर्म मला वाचून दाखवला आणि पेन घेऊन बसला. कामाची वेळ? शिफ्ट. फुली. दार आपटतोस? काल दोनदा. फुली. खिळे? माझ्या पलंगावरच्या भिंतीतले पाच मोजले. फुली. अंघोळीला बादल्या? त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि फुली मारली.

२३ पैकी ४. त्यातला एक मार्क नावाचा.

मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी, मी मालक आहे. तो म्हणाला, मालक, तुमची पाळी आहे, बेसिन घासा. दार आपटून बाहेर आलो.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ११

सापडला!!

घड्याळं दुरुस्त करणारा. एकटा. पाहुणे? कोणी येत नाही. खिळा? भिंतीला त्रास कशाला द्यायचा. दार? आवाजच सहन होत नाही हो. बादल्या? अर्धी. २३ पैकी २३! प्रत्येक उत्तराआधी थोडा थांबतसुद्धा होता, म्हणजे विचार करून बोलणारा. वाढवलेलं भाडंही मान्य. परवा खोली बघून चावी घेणार.

आईला कळवलं नाही. सरप्राइज. तिला परत बरं म्हणायला लावतो की नाही बघा.

दुपारी २

सुपरवायझरच्या टेबलापाशी गेलो आणि त्याच्या देखत करारपत्र फाडलं. चार तुकडे. म्हटलं, दुसरा ड्रायव्हर शोधा, माझी घरी प्रॉपर्टी आहे. तो सँडविच खात होता. मान हलवली आणि खात राहिला. हादरला असणार.

वेल्डरला माझी उशी देऊन टाकली.

२३ मार्च, रविवार. सकाळी १०:२०

घड्याळवाल्याचा फोन. म्हणतो, साहेब, खोली रिकामी नाही. जिना चढून वर गेलो तर एका बाईंनी दार उघडलं. मला पाणी दिलं. हातातलं घड्याळ बंद होतं त्यांचं, ते दुरुस्तीला दिलं.

घुसखोरी! माझ्या खोलीत! आईला फोन लावतो.

सकाळी ११:१५

नर्स आहे. ७ तारखेपासून.

म्हणजे मी नापास केली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. पडदा तिचा. बीपी तिने बघितलेलं. मांजर तीच. मी आईला म्हटलं, माझ्या फॉर्मचं काय? आई म्हणाली, फॉर्म मला रात्री पाण्याचा ग्लास देणार आहे का? दोनदा चक्कर आली तेव्हा कोण होतं वर? तुला सांगितलं असतं तर आधी चक्करची चौकशी केली असतीस की भाड्याची?

मी चक्करचीच केली असती. आधी चक्करची.

चक्कर कधी आली विचारलं. फेब्रुवारीत. त्या आठवड्यात मी रोज फोन केला होता. शिंप्याआधीच्या माणसाबद्दल बोलत होतो.

भाडं विचारलं. मी ठरवलेल्याच्या निम्मं. म्हणाली, बाथरूम बघून तीच तेवढं म्हणाली, मला पटलं. म्हणजे उमेदवाराने मालकाला मार्क दिले. जगात न्याय नाही.

२४ मार्च, सोमवार

चिडून नर्सला फोन लावला. म्हटलं, मी मालक बोलतोय. ती म्हणाली, बरं झालं, तुमचाच नंबर हवा होता. आणि यादी वाचायला लागली. दार फुगलंय, लागत नाही. एका स्विचला झटका बसतो. बाथरूमचा उतार उलटा, पाणी भिंतीत मुरतंय आणि खाली आईंच्या खोलीत ओल आलीय, त्या रोज तिथेच झोपतात. एकूण सात मुद्दे. माझ्या तेवीसांपेक्षा कमी, पण एकही खोटा काढता येईना.

शेवटी म्हणाली, मिस्त्रीकाकांना बोलावलंय, ते यायला तयार नाहीत. म्हणतात, मालक पुन्हा डावीकडे सांगेल.

मी फोन ठेवला नाही. कट झाला. माझ्या बोटाने.

२८ मार्च, शुक्रवार

सुपरवायझरकडे गेलो. तुकडे चिकटवून आणले होते. त्याने बघितलेही नाहीत. ड्रॉवर उघडून नवी प्रत काढली, माझं नाव आधीच टाइप केलेली. सँडविच नव्हतं आज.

सही केली. दबावाखाली नाही. निम्म्या भाड्यात मला घरी बसून नुसतं मालक होणं परवडत नाही, एवढंच. दोन वर्षं. दोनच तर.

आईला सांगितलं. ती म्हणाली, सुट्टीला आलास की खालीच झोप माझ्याजवळ. वर आता माणूस आहे.

उशी परत मागितली. वेल्डरने दिली, अभ्रा धुवून. हेच त्याचं वाईट.

३० मार्च, रविवार

मिस्त्री आला. फरशी उखडून झाली. नर्सने फोन धरला. हात स्थिर आहे तिचा, मान्य करायला हवं. मागे आई खुर्ची टाकून बसलेली, लग्नघरात बसतात तशी. मिस्त्रीने थापी हातात धरली, कॅमेऱ्यात बघितलं आणि विचारलं, मालक, कुठल्या बाजूला?

सगळे थांबले. इकडे वेल्डरसुद्धा.

मी म्हटलं, पाइपाकडे.

मिस्त्री हसला. आई हसली. हसण्यासारखं काय आहे? मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. डावीकडे म्हणजे पाइपाकडेच. नीट ऐकलं असतं तर वर्षापूर्वीच झालं असतं. तरी नवी फरशी, दार, स्विच आणि आईच्या भिंतीचा रंग, सगळं मीच करणार. कोणी सांगितलं म्हणून नाही. मालक आहे म्हणून.

उद्या सकाळी पाठवतोय: नऊ हजार चारशे.